स्वामी रामानंद तीर्थ : हेडमास्तर ते खासदार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, भाषणासाठी मजकूर शोधणारे शिक्षक आणि आपल्या गावाचा इतिहास जमवणारी मंडळी स्वामी रामानंद तीर्थ यांच्याविषयी पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचा संपूर्ण इतिहास देण्याचा हा प्रयत्न नाही. एका शाळेचा मुख्याध्यापक हैदराबाद संस्थानातील सर्वांत मोठ्या राजकीय संघटनेचा अध्यक्ष कसा झाला, पुढे लोकसभेत कसा गेला आणि सत्तेच्या खुर्चीपासून दूर कसा राहिला, एवढाच या पानाचा विषय आहे. त्यांच्या राजकारणाची घडण शाळेत झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे आणि पुढील उत्तरे त्या मताला धरूनच लिहिली आहेत.

स्वामी रामानंद तीर्थ कोण होते?

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, निधन २२ जानेवारी १९७२. ते हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांत शिक्षक व मुख्याध्यापक होते, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि पहिल्या व दुसऱ्या लोकसभेचे सदस्य होते.

ते मूळचे मराठवाड्याचे होते का?

नाही. त्यांचा जन्म तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला, म्हणजे ब्रिटिश मुलखात, निजामाच्या हद्दीबाहेर. त्यांच्या शालेय जीवनाचा महत्त्वाचा काळ सोलापुरात गेला. मराठवाड्यात ते आले तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण संस्थानाचे सरकार चळवळीतील कार्यकर्त्यांना ‘बाहेरचे’ ठरवण्याची संधी कधी सोडत नसे. मात्र ज्या माणसाने आपल्या आयुष्याची सर्व उमेदीची वर्षे या मुलखात घालवली, त्याला मराठवाड्याने कधीही परका मानले नाही.

त्यांचे शिक्षण कोठे झाले?

असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी सरकारी शिक्षण सोडले आणि राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्यांनी एम. ए.ची पदवी घेतली आणि त्यासाठी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, त्या प्रसंगी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. त्या वेळी ते सतरा वर्षांचेही नव्हते.

प्रबंधाचा विषय लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे ज्या राज्यात त्यांनी काम केले, तेथे प्रजेला प्रतिनिधी निवडण्याचा खराखुरा हक्क नव्हता. ‘जबाबदार राज्यपद्धती’, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी सरकार, ही स्टेट काँग्रेसची पहिली मागणी होती आणि ती मांडणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एकाने या विषयाचा शिस्तशीर अभ्यास केलेला होता.

कामगार चळवळ सोडून ते एका खेड्यातील शाळेत का आले?

शिक्षण संपल्यावर त्यांनी कामगारनेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले. मुंबई आणि दिल्ली येथील हे काम मोठे होते, पण त्यांची प्रकृती ढासळली आणि ते काम सुटले. १९२९ साली ते हिप्परग्याला आले. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात आहे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली तेथे राष्ट्रीय शाळा काढली होती आणि तिला मुख्याध्यापक हवा होता.

राजधानीच्या शहरातून आडवळणाच्या गावी येणे ही माघार होती, असे काही जण समजतात. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. निजामाच्या राज्यात उघड राजकीय संघटना काढणे जवळजवळ अशक्य होते आणि अशा ठिकाणी माणसे जमवण्याची, त्यांना वाचायला आणि विचार करायला लावण्याची एकच धड जागा उरली होती, ती म्हणजे शाळा. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखा सहकारी त्यांना तेथेच लाभला. पुढील वीस वर्षांत मराठवाड्यात ज्या कार्यकर्त्यांची नावे सतत कानावर येतात, त्यांपैकी कितीतरी जण हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांशी विद्यार्थी, शिक्षक किंवा हितचिंतक म्हणून जोडलेले होते.

निजामाच्या राज्यात मराठी शाळा चालवणे एवढे अवघड का होते?

या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण हे समजल्याशिवाय एका हेडमास्तराचे राजकारण समजत नाही.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू भाषकांचे, पाच मराठी भाषकांचे आणि तीन कन्नड मुलखाचे. राज्यातील साधारण चौथा हिस्सा लोक मराठी बोलत होते. मात्र राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि वरच्या वर्गांतील शिक्षणही उर्दूतूनच होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या मुलांची ती मातृभाषा नव्हती, अशा बहुसंख्य मुलांना त्या प्रयोगाची किंमत मोजावी लागली. खेड्यातील मुलगा प्राथमिक वर्गात मराठी शिके, मग अचानक गणित, भूगोल आणि इतिहास दुसऱ्या भाषेतून सुरू होत आणि बरीच मुले तेथेच गळत.

माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला आमच्या घरी अजून आहे. जाडसर पिवळट कागद, त्यावर उर्दू छपाई, मधल्या रिकाम्या जागा बोरूने भरलेल्या आणि तारीख फसली सनातली (निजामाच्या राज्यातील सरकारी कालगणना), महिना ‘खुरदाद’. आजोबांचे नावही उर्दू लिपीत आहे. आमच्या घरातील पुढच्या दोन पिढ्यांपैकी एकालाही तो दाखला वाचता आला नाही. तो वाचून घेण्यासाठी गावातील मशिदीजवळ राहणाऱ्या एका वयोवृद्ध गुरुजींकडे जावे लागले. त्यांनी तो मोठ्या आपुलकीने वाचून दाखवला आणि वरच्या कोपऱ्यातील शेरा ‘चालचलन समाधानकारक’ असा असल्याचे सांगितले.

खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे आणि ती मिळेलच अशी खात्री नसे. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे परिपत्रक आडवे येई; त्यामुळे साध्या सभेसाठीही अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागत होती. व्यायामशाळा, वाचनालय, गणेशोत्सव यांवरही नजर असे. अशा राज्यात मराठीतून शिकवणारी, सूत कातणारी आणि देशाच्या इतिहासाविषयी मोकळेपणाने बोलणारी शाळा चालवणे ही आपोआपच राजकीय कृती ठरत होती, मग तिच्या चालकांनी राजकारणाचा शब्दही उच्चारलेला नसो.

संन्यास घेतलेला माणूस राजकारणात कसा?

हिप्परग्याच्या काळातच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर यांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. त्यांनी मठ स्थापन केला नाही, शिष्यपरंपरा चालवली नाही आणि भगव्या वस्त्रांच्या आधारे कधी मते मागितली नाहीत. घरदार, मालमत्ता आणि नातीगोती यांतून मोकळे होऊन सार्वजनिक काम करणे, एवढाच त्यांच्या संन्यासाचा अर्थ त्यांच्या वागण्यातून दिसतो. त्यांचे आर्थिक विचार समाजवादाकडे झुकलेले होते आणि त्यांच्या अगदी जवळच्या सहकाऱ्यांमध्ये गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे, धार्मिक कर्मकांडाशी काहीही संबंध नसलेले लोक होते.

ते अंबाजोगाईला केव्हा गेले?

१९३५ साली. अंबाजोगाईचे नाव तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद होते. परांजपे आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी तेथे योगेश्वरी नूतन विद्यालयाचे काम हाती घेतले. आज योगेश्वरी शिक्षण संस्था या नावाने जो मोठा पसारा उभा आहे, त्याच्या पायाभरणीत या मंडळींचा वाटा आहे. अंबाजोगाई हे लष्करी छावणीचे गाव होते आणि आसपासच्या खेड्यांतील मुले तेथे शिकायला येत, त्यामुळे हिप्परग्यापेक्षा कार्यक्षेत्र खूपच वाढले.

शाळा सोडून ते पूर्णवेळ राजकारणात केव्हा आले?

१९३७–३८ हा तो कालखंड आहे. जून १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. तेलंगणात आंध्र महासभा आणि कन्नड भागात कर्नाटक परिषद अशा समांतर संघटना काम करत होत्या. महाराष्ट्र परिषदेचे दुसरे अधिवेशन १९३८ साली लातूरला भरले. या काळात स्वामीजी परिषदेच्या कामात ओढले गेले आणि त्यांनी शाळेची जबाबदारी सहकाऱ्यांकडे सोपवली.

तिन्ही भागांना एकत्र आणणारी संघटना असावी या विचारातून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची तयारी झाली. निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये, संघटना रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी नानल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने बंदी मोडून सत्याग्रह केला आणि त्याच महिन्यात स्वामीजींनीही तुकडीसह स्वतःला अटक करवून घेतली. हेडमास्तर म्हणून त्यांचे काम येथे संपले. त्यानंतर ते वर्गात शिकवायला परत गेले नाहीत.

तो सत्याग्रह दोनच महिन्यांत का थांबवला?

कारण त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे स्वतंत्र सत्याग्रह सुरू होते. त्यांच्या मागण्या धार्मिक स्वातंत्र्याच्या होत्या, तर स्टेट काँग्रेसची मागणी सर्व धर्मांच्या प्रजेसाठी जबाबदार राज्यपद्धतीची होती. लोकांच्या मनात या दोहोंची सरमिसळ होऊ लागली आणि ‘ही हिंदूंची चळवळ आहे’ असे म्हणणे सरकारला सोपे जाऊ लागले. गांधीजींच्या सल्ल्यावरून २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. तरुण कार्यकर्त्यांना हा निर्णय आवडला नव्हता, हे खरे आहे. तरीही चळवळीचे स्वरूप बिघडण्यापेक्षा ती थांबलेली बरी, ही भूमिका पुढच्या दहा वर्षांचा विचार करता योग्य ठरली.

त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. अनेकांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी बरेच जण पुढील शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठात गेले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. आपल्या विद्यार्थिदशेतील या लढ्याचा आणि स्वामीजींच्या नेतृत्वाचा ऋणनिर्देश त्यांनी पुढेही केला.

ते किती वेळा तुरुंगात गेले?

१९३८, १९४० आणि १९४२ साली. त्यानंतर १५ ऑगस्ट १९४७ रोजी आणि शेवटी जानेवारी १९४८ मध्ये. शेवटच्या वेळी त्यांची सुटका थेट १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या शरणागतीच्या दिवशी झाली.

बंदी उठल्यावर काय झाले?

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तेलंगणाचे बूर्गुल रामकृष्ण राव यांच्याविरुद्ध स्वामीजी निवडून आले. रामकृष्ण राव विद्वान, संयमी आणि वाटाघाटींवर विश्वास असलेले वकील होते, तर स्वामीजींचा गट जनतेच्या थेट लढ्याचा आग्रह धरणारा होता. या दोन प्रवृत्तींमधील अंतर पुढे कधीच पूर्णपणे भरून निघाले नाही. पुढील मुख्यमंत्रिपदाच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

जून १९४७ मध्ये हैदराबाद शहरात स्टेट काँग्रेसचे खुले अधिवेशन झाले. ब्रिटिश गेल्यावर आपण स्वतंत्र राहू, अशी निजामाची घोषणा नुकतीच झाली होती. अधिवेशनाने भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी केली आणि ७ ऑगस्ट हा दिवस ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन म्हणून पाळण्यात आला.

१९४७–४८ मध्ये स्वामीजी तुरुंगात होते, मग लढा कोणी चालवला?

या प्रश्नाच्या उत्तरात त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी दिसते. १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांपैकी जेमतेम दोन महिने ते बाहेर होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाल्यावर त्यांची सुटका झाली होती, आणि जानेवारीत पुन्हा अटक झाली. ज्या चळवळीचा अध्यक्ष एवढा काळ कोठडीत असतो ती एक तर विझते किंवा भरकटते, असा सर्वत्र अनुभव आहे. येथे तसे घडले नाही.

दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने संस्थानाबाहेरून सूत्रे हलवली आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी आखणीचा मोठा भार उचलला. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड अशा सरहद्दीजवळच्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. आत गावोगावी जंगल सत्याग्रह झाला, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडण्यात आली, करोडगिरी (जकात) नाके जाळण्यात आले आणि लेव्हीचे (सक्तीच्या सरकारी वसुलीचे) धान्य देण्यास लोकांनी नकार दिला. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि तो पैसा चळवळीच्या कामी आणला. दुसरीकडे कासिम रझवी यांच्या रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, उच्छाद वाढत होता. रझवी हे लातूरला वकिली करणारे गृहस्थ होते, त्यामुळे हा संघर्ष मराठवाड्यातील माणसांना राजधानीतील दूरचे राजकारण वाटत नव्हता, तो त्यांच्या पेठेत आणि वेशीपाशी उभा होता.

या सगळ्या काळात निर्णय घेणारी माणसे ठिकठिकाणी तयार होती. चांगला मुख्याध्यापक रजेवर असला तरी तास वेळेवर सुरू होतात, तसे हे होते. अध्यक्षाच्या सहीची वाट न पाहता काम करण्याची सवय कार्यकर्त्यांना लागलेली होती आणि ती एका दिवसात लागत नाही. स्वामीजींनी केलेले सर्वांत मोलाचे राजकीय काम कोणते, असे कोणी विचारले तर प्रस्तुत लेखक भाषणे किंवा ठराव यांच्याकडे बोट दाखवणार नाही, या माणसांच्या जडणघडणीकडे दाखवील.

हा लढा मुसलमानांविरुद्ध होता का?

स्टेट काँग्रेसची भूमिका स्पष्ट होती. लढा निजामाच्या अनियंत्रित राजवटीविरुद्ध आणि रझाकारांच्या दहशतीविरुद्ध होता, कोणत्याही धर्माविरुद्ध नव्हता. या भूमिकेच्या बाजूने उभे राहिलेल्या मुसलमानांनी त्याची जबर किंमत मोजली. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याचा आग्रह धरला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या करण्यात आली. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत त्यांचे नाव घेतले जावे, अशी या लेखकाची मनापासून इच्छा आहे.

मात्र भूमिका आणि प्रत्यक्ष घटना यांत अंतर पडले, हेही सांगितले पाहिजे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे हैदराबादवरील भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर, मराठवाड्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले. तिच्या अंदाजानुसार मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजारांच्या दरम्यान होती. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नव्हता. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा हा हिंसाचार या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीचा उल्लेख करून दुसरी झाकणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

एवढे मोठे नेते असूनही ते मुख्यमंत्री का झाले नाहीत?

हैदराबाद भारतात आल्यावर प्रथम जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे लष्करी प्रशासन आले, नंतर १९५० च्या आरंभी सनदी अधिकारी एम. के. वेलोडी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर बूर्गुल रामकृष्ण राव लोकनियुक्त मुख्यमंत्री बनले. पक्षातील दोन गटांपैकी शासनात रामकृष्ण रावांच्या गटाचे वजन राहिले.

यामागे काही कारणे दिसतात. विधिमंडळात तेलंगणाचे सदस्य संख्येने अधिक होते. स्वामीजींच्या डाव्या सहकाऱ्यांविषयी दिल्लीत शंका होती, कारण तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा सुरू होता. स्वामीजींना स्वतःला मंत्रिपदाची ओढ नव्हती. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे त्यांच्यावरील प्रेमापोटी अर्धवट उत्तर देणे होईल. माणसे घडवणे, त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि तत्त्वासाठी वाट पाहणे ही त्यांची पद्धत दडपशाहीच्या काळात अत्यंत परिणामकारक ठरली. मात्र तिकीटवाटप, गटांची बेरीज आणि मंत्रिमंडळाची रचना यांच्या राजकारणात ती पुरी पडली नाही. त्यांचे काही जवळचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा ते पक्षातच राहिले आणि एकाकी झाले. गोविंदभाईंसारखा माणूस वेगळ्या वाटेने जाणे ही त्यांच्या गटाची मोठी हानी होती.

ते कोणत्या मतदारसंघांतून निवडून आले?

१९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादमधून, दोन्ही वेळा काँग्रेसतर्फे. पहिला मतदारसंघ कन्नड भागातला, दुसरा मराठी भागातला. दोन भाषांच्या मतदारांनी पाठोपाठ लोकसभेत पाठवलेले प्रतिनिधी विरळाच. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे त्यांच्याबरोबर शिकवणारे बाबासाहेब परांजपे हेही १९५२ साली बीडमधून लोकसभेत गेले, पण ते काँग्रेसच्या विरोधातील पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटतर्फे. एकाच शाळेतील दोन शिक्षक पहिल्या लोकसभेत समोरासमोरच्या बाकांवर होते. मराठवाड्यातील कोणत्याही शाळेला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

मराठवाडा महाराष्ट्रात येण्यात त्यांचा वाटा कोणता?

हैदराबाद राज्य जसेच्या तसे टिकवावे, असे म्हणणारे वजनदार लोक तेव्हा होते. एकच मोठे राज्य, एकच राजधानी, मिश्र संस्कृती असे त्यांचे युक्तिवाद होते. स्वामीजींनी हे राज्य मोडून त्याचे तिन्ही भाग आपापल्या भाषेच्या राज्यांत जावेत अशी भूमिका घेतली. ज्या राज्याच्या प्रदेश काँग्रेसचे नेतृत्व आपण केले, ज्यात आपली सारी राजकीय ताकद होती, ते राज्यच संपावे असे म्हणणे सोपे नसते. मातृभाषेतून शिक्षण आणि कारभार झाल्याखेरीज सामान्य माणसाच्या हाती लोकशाही येत नाही, ही हिप्परग्याच्या वर्गात तयार झालेली धारणा त्यामागे होती, असे मानायला भरपूर आधार आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि नांदेड हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, गुलबर्गा आणि रायचूर यांसह कन्नड भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली होती, तरी मराठवाड्याने काँग्रेसला साथ दिली, हे स्वामीजींच्या औरंगाबादमधील विजयाच्या संदर्भात ध्यानात घ्यावे.

मराठवाडा ‘बिनशर्त’ सामील झाला, ही त्यांची चूक होती का?

मराठवाड्याच्या विकासाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की हा प्रश्न हमखास येतो. मराठवाड्याच्या मागासलेपणाची वेदना खरी आहे. सिंचन, रेल्वे, उद्योग आणि उच्च शिक्षण या सर्व बाबतींत हा विभाग मागे राहिला आणि त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेमार्फत आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडा दिला. राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमाखालील वैधानिक विकास मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडावे लागले. पण याचा दोष विलीनीकरणाच्या भावनेवर टाकणे अन्यायाचे आहे. विश्वास टाकणाऱ्याने चूक केली असे म्हणण्यापेक्षा, तो विश्वास पाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्याकडे हिशेब मागावा.

त्यांच्या नावाच्या आणि त्यांनी उभारलेल्या संस्था कोणत्या?

नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने सुरू झाले. विद्यापीठ मिळण्याच्या कितीतरी आधी, जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांना घरच्या जवळ महाविद्यालय मिळाले, याचे महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. नरहर कुरुंदकर यांच्यासारखा विचारवंत याच महाविद्यालयात शिकवत होता आणि पुढे प्राचार्य झाला. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झाले. अंबाजोगाईच्या ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे, आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे.

त्यांच्याशी संबंधित कोणती ठिकाणे पाहता येतील?

हिप्परगा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय आणि हैदराबादमधील बेगमपेठ येथील समाधी ही तीन प्रमुख ठिकाणे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी दर सतरा सप्टेंबरला शासकीय ध्वजवंदन होते. विद्यार्थ्यांची सहल न्यायची असेल तर हिप्परगा आणि अंबाजोगाई एकाच फेरीत जोडावीत, म्हणजे खेड्यातील शाळेपासून तालुक्याच्या शाळेपर्यंतचा हा प्रवास मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

आमच्या घरी मुक्तिसंग्रामाच्या काळातील कागदपत्रे आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम ती फेकू नयेत आणि लॅमिनेशन करू नये, कारण प्लॅस्टिकच्या आवरणात जुना कागद अधिक लवकर खराब होतो आणि ते नंतर काढता येत नाही. कागद उर्दू किंवा मोडी लिपीत असेल तर वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी समजू नये. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढावीत, कागद कोणाचा, कोणत्या गावचा आणि तो घरात कसा आला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या वहीत लिहावे. फसली सन इसवी सनात बदलताना साधारण ५९० वर्षे मिळवावी लागतात, पण वर्षाचा आरंभ वेगळा असल्याने महिना पाहूनच नेमके साल ठरवावे. तुरुंगातून लिहिलेली पत्रे, कॅम्पवरील हिशेबाच्या वह्या, शाळेचे दाखले आणि हजेरीपट यांपैकी काहीही मिळाले, तर जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला त्याची प्रत द्यावी. मूळ कागद घरीच ठेवायचा असल्यास तो सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा.